पहिलीचा मास्तर घडवावा लागतो

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आज मला 'मुलांचे शिक्षण' या विषयावर दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी काही प्रोफेसर नाही. सूतगिरणीत पाळीवर उभा राहणारा माणूस. जे काही वाचले, ते पाळी सुटल्यावर वाचले. मुलांनी शिकावे, हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही. ते बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे, आणि आपल्या आयाबायांनी धुणीभांडी करून ते पाळले आहे. मला बोलायचे आहे ते मुलाला पहिले अक्षर देणाऱ्या माणसाविषयी. अक्षर कसे द्यायचे, हे त्याला कोणी शिकवले आहे का?

१९२७ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी सरकारपुढे आकडाच ठेवला. प्राथमिक शाळेत १०० मुले दाखल होतात, त्यातली फक्त १८ चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. शाळेची पायरी चढलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतूच तो आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

आता आपली पोरं शाळेत जातात. दप्तर आहे, गणवेश आहे, दुपारची खिचडी आहे. पण २०२४ सालच्या 'असर' पाहणीत काय दिसले? देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळजवळ निम्म्याच मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता आला. म्हणजे मूल शाळेतून गळत नाही, पण वर्गात बसल्या बसल्या गळते! आपण घरी म्हणतो, "पोराचं डोकं चालत नाही." डोके चालते हो. तेच पोर मोबाईल उघडून पाहिजे ते शोधते. दुकानातून सुटे पैसे बरोबर मोजून आणते. मग अक्षरापाशीच का अडते?

आमच्या गिरणीत नव्या पोराला पहिल्या दिवशी मशीन सोपवत नाहीत. जॉबर किंवा जुना कामगार त्याला शेजारी उभा करतो. तुटलेला धागा कसा जोडायचा, बॉबीन कशी बदलायची, हे हाताला हात लावून शिकवतो. चुकला की थांबवतो. सुताची एवढी काळजी! आणि मुलांच्या बाबतीत? दहावीच्या क्लासला आपण नाव विचारून, फी भरून चांगला सर शोधतो. पहिलीच्या पोराला मात्र गल्लीतली कोणीही मुलगी चालते. खरे तर सगळ्यात जाणता माणूस पहिलीला पाहिजे.

तो जाणता म्हणजे काय? मी चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पाठांतर म्हणजे वाचन नव्हे. मूल बाराखडी घडाघडा म्हणते, पण मधल्याच एका अक्षरावर बोट ठेवले की गप्प होते. त्याला ताल पाठ झालेला असतो, अक्षर नाही. सातारा जिल्ह्यात फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन भाषातज्ज्ञ बाईंनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था काढली. आधी तिथल्या दलित वस्तीत शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या मुलांना त्यांनी शिकवले होते. त्यांची रीत अशी, की सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट बघायची नाही. थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा घ्यायची आणि लगेच शब्द करायचे. आता बघा, म, क, ल आणि काना एवढेच घेतले तरी मामा, काका, काम, लाल, मका, माल, कमाल असे किती शब्द होतात! पोराला पहिल्याच आठवड्यात कळते की अक्षरातून अर्थ निघतो.

दुसरी गोष्ट, मुलाच्या बोलीला हसायचे नाही. पोर 'पानी' लिहिते, कारण ते 'पानी' बोलते. म्हणजे त्याने आवाज बरोबर पकडला! मास्तराने आधी ते ओळखावे, मग पुस्तकात 'पाणी' कसे लिहितात ते दाखवावे. सगळ्यांदेखत हसले तर ते पोर पुन्हा पाटीला हात लावणार नाही.

तिसरी गोष्ट, मूल नेमके कुठे अडले ते शोधता आले पाहिजे. कोणाला अक्षर ओळखत नाही, कोणाला मात्रा लागत नाही, कोणी सगळे वाचते पण काय वाचले ते सांगता येत नाही. तिघांचे दुखणे वेगळे, तर औषध एक कसे चालेल?

चौथी गोष्ट, फळ्यावरचे उतरवून काढणे म्हणजे लिहिणे नव्हे. "आज आईने भाकरी केली" असे स्वतःच्या मनातले एक वाक्य मोडकेतोडके लिहिले, तरी ते खरे लिहिणे.

हे सगळे आपोआप येत नाही. सावित्रीमाईंनीसुद्धा शाळा चालवताना नुसत्या तळमळीवर भागवले नाही. त्या वेळच्या अहमदनगरला आणि पुण्याला त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे मागणी केली, की प्राथमिक शाळेचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, लोकांत मिसळणारे असावेत आणि त्यांना पगार चांगला मिळावा.

२०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता-लिहिता यावे, हे त्याचे उद्दिष्ट. चांगलेच आहे. पण दोन दिवस सभागृहात बसवून भाषण ऐकवले म्हणजे मास्तर तयार होत नाही. मशीनवर उभे राहून काम शिकतात, तसे मुलांसमोर उभे राहून, जाणत्या बाईंच्या नजरेखाली शिकावे लागते.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्या विहारात संध्याकाळी लहान मुलांना शिकवायला जी तरुण मुले-मुली पुढे येतील, त्यांना पहिला महिनाभर वस्तीतल्या एखाद्या अनुभवी किंवा निवृत्त शिक्षिकेच्या शेजारी बसवा. प्रत्येक मुलाची एक वही ठेवा. कोणते अक्षर आले, कुठे अडले, ते तिच्यात लिहा. वर्गणीतला थोडा पैसा गोष्टींच्या पुस्तकांसाठी काढा. आणि पालकांनो, शाळेत गेलात की फी-गणवेशाबरोबर एवढेही विचारा, "पहिलीला कोण शिकवतं? त्यांना वाचायला शिकवण्याचं काय शिक्षण मिळालंय?" नम्रपणे विचारा, पण विचारा. आपला तो हक्क आहे.

बाबासाहेबांनी मोजलेली ती ८२ मुले कोणाची होती, हे मी सांगायची गरज नाही. यापुढे आपल्या वस्तीतले एकही पोर त्या हिशेबात जाऊ नये, एवढे आपण ठरवू या.

जय भीम!