सशासाठीं बंदूक कोणती?

भिवंडीजवळच्या पूर्णा गांवीं आज गोदामांची दाटी आहे. तेथें हा प्रश्न विचित्रच वाटेल. पूर्वींचे जाणते शिकारी सशासाठीं १२ बोअरची छऱ्याची बंदूक पसंत करीत. तिच्या बारीक छऱ्यांचा मारा सुमारें ४० यार्डांपर्यंतच परिणामकारक असतो. उलट, २२ बोअरच्या लहानशा रायफलीची गोळीही मैलाहून दूर जाऊं शकते. ती कोणाच्या अंगणांत पडेल, याचा नेम नाहीं.

आतां तर निवडीचा प्रश्नच उरलेला नाहीं. आपल्याकडील रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षित असून १९९१ च्या दुरुस्तीनंतर छंदासाठीं त्याची शिकार सर्वस्वी बंद आहे. घरांत परवान्याची बंदूक असली, तरी ती सशावर उचलतां येत नाहीं. भाजीचा वाफा राखावयाचा असेल, तर बारीक जाळीचें कुंपण घालावें.