प्रयोग करा, पण विचारून
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी जमलेल्या मेळाव्यात सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या नीतीची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. बाजारभाव, पावसाचा अंदाज, फवारणीचा सल्ला, कर्जाचा अर्ज, सारे आता खिशातल्या फोनवर येऊन बसले आहे. या फोनमधल्या सोयी जे तयार करतात ते रोज प्रयोग करतात आणि त्या प्रयोगाचे रान आपण आहोत.

प्रयोग आपल्याला नवा नाही. नवे वाण आले की आपण सगळे वावर त्याच्या हवाली करत नाही. चार तास नव्या वाणाचे, शेजारी चार तास जुन्याचे. जमीन तीच, खत तेच, डवरणी तीच. वेचणीला दोन्हींचा कापूस वेगळा मोजायचा. सॉफ्टवेअरवालेही हेच करतात. गिऱ्हाइकांचे दोन भाग पाडतात, एका भागाला जुनी मांडणी दाखवतात, दुसऱ्याला नवी. मग कोण किती वेळ थांबला, कोणी काय विकत घेतले, हे मोजतात. रीत शास्त्राची आहे, तिच्याविषयी आमची तक्रार नाही. पण आपल्या प्रयोगात पऱ्हाटीचे झाड असते, त्यांच्या प्रयोगात माणूस असतो.

घडलेले उदाहरण घेऊ. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील फेसबुक कंपनीने ६,८९,००३ लोकांवर आठवडाभर एक प्रयोग केला. काहींना त्यांच्या मित्रांचा आनंदाचा मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखाचा कमी दाखवला. मग ही माणसे स्वतः काय लिहितात त्यातले शब्द मोजले. ज्यांना आनंदाचे कमी दिसले त्यांच्या लिहिण्यातही आनंद किंचित कमी झाला. परिणाम फारच थोडा होता. पण आपल्या मनावर प्रयोग चालू आहे, हे त्या माणसांना कोणी सांगितले नव्हते. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात निबंध छापून आला तेव्हा जगाला कळले. गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात त्या नियतकालिकाला संमतीच्या प्रश्नाबद्दल चिंता छापावी लागली.

संमतीबद्दल निबंधात काय म्हटले होते? खाते उघडताना सगळ्यांनी कंपनीच्या अटी मान्य केल्या होत्या, तीच संमती. भावांनो, हे उत्तर आपण ओळखतो. सावकाराच्या कोऱ्या कागदावर आपल्या आजोबांनी अंगठा दिला होता. पुढे त्या कागदावर काय लिहिले गेले, ते जमीन गेल्यावर कळले.

त्याच २०१४ साली ओकेक्युपिड या जोडीदार जुळवून देणाऱ्या कंपनीने आणखी पुढची गोष्ट स्वतःच जाहीर केली. ज्यांचे तिच्याच हिशेबाने ३० टक्के जुळत होते, अशा काही जोड्यांना तिने ९० टक्के जुळते म्हणून सांगितले होते. सोयरीक जुळवणाऱ्याने असे केले तर गावात त्याला पुन्हा कोणी ओट्यावर बसवेल का?

या लोकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, प्रयोगाशिवाय सुधारणा नाही. हे खरे आहे. ते म्हणतात, आधी सांगितले तर माणूस वेगळा वागतो आणि मोजमाप बिघडते. यातही तथ्य आहे. बटणाचा रंग हिरवा ठेवावा की निळा, यासाठी कोणी ग्रामसभा बोलवावी असे आम्ही म्हणत नाही. त्यात कोणाचे काही जात नाही. पण समजा, फवारणीचा सल्ला दोन तऱ्हेने देऊन पाहिला आणि अर्ध्या गावाला चुकीच्या दिवशी औषध मारायला लावले. समजा, कर्जाचे व्याज कोपऱ्यात बारीक अक्षरात टाकले की किती जण जास्त अर्ज करतात, हे मोजले. कंपनीसाठी तो एक फसलेला प्रयोग, ती दुसऱ्या दिवशी मांडणी बदलेल. कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम दुसऱ्या दिवशी परत येत नाही. मृग एकदाच येतो.

कोणी म्हणेल, तुम्ही तर तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलता, मग इथे आडवे का येता? आम्ही आडवे येत नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी सरकारची मान्यता नसलेले, तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे पेरले. ते पेरले भरदिवसा, सर्वांना सांगून, आपल्या रानात, आपल्या जोखमीवर. कोणी त्याला चूक म्हणो की बरोबर, शेजाऱ्याच्या वावरात रात्री बियाणे टाकून सकाळी उगवण मोजायला कोणी गेले नाही. ज्याची जोखीम त्याचा निर्णय, हेच स्वातंत्र्य. दुसऱ्याच्या जोखमीवर गुपचूप केलेल्या प्रयोगाला आमच्या भाषेत लूट म्हणतात.

२०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मोकळेपणी, नेमक्या कामासाठी आणि माहिती देऊन घेतलेली असावी, असे त्यात लिहिले आहे. शब्द चांगले आहेत. पण सातबाऱ्यावर नाव असणे आणि रान ताब्यात असणे यातला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे आमचे मागणे चार गोष्टींचे आहे.

पैसा, प्रकृती, मन किंवा पेरणीचा निर्णय यांना हात लागणार असेल, तर प्रयोगाआधी विचारा, आणि मराठीत विचारा. नाही म्हणणाऱ्याची सोय बंद करू नका. नुकसान दिसू लागले की मोजणी पुरी होण्याची वाट न पाहता प्रयोग थांबवा. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई द्या.

हा विचार प्रयोग संपल्यावर करायचा नसतो. तिफण वावरात घालण्याआधी बियाणे पाहतात. प्रयोग ठरवायला चार जण टेबलाभोवती बसतात, तेव्हा एकाने तरी विचारले पाहिजे: हा फसला तर कोणाच्या घरची चूल विझेल? उत्तर आपल्या घरची नाही असे आले, तर ज्याच्या घरची आहे त्याला आधी विचारून या.