कांदा ताटात, पंप हाताशी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दमा मात्र शाळेत असल्यापासूनचा. शिकवलेलं शास्त्र आणि भोगलेला आजार यांची एकदा गाठ पडली, आणि त्यात मी थोडक्यात वाचले. ती हकिगत आज सांगते.

२००३ सालची गोष्ट. एका मासिकात फिनलंडमधल्या अभ्यासाविषयी वाचलं. तो आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. दहा हजारांहून अधिक लोकांचा आहार नोंदवून पाहिला, तेव्हा ज्यांच्या खाण्यात क्वेरसेटिन नावाचं द्रव्य जास्त होतं, त्यांच्यात दम्याचं प्रमाण कमी आढळलं. हे क्वेरसेटिन असतं कांद्यात आणि सफरचंदाच्या सालीत. लासलगावचा बाजार आमच्या शेजारी, कांद्याला काय तोटा! रोज दोन्ही वेळा कच्चा कांदा सुरू केला, सोबत आलं-हळदीचा काढा. दोन महिने बरं वाटलं. मग रोजचा पंप मीच बंद केला. कोणाला विचारलं नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका रात्री छातीत घरघर सुरू झाली आणि दोन शब्दसुद्धा सलग बोलता येईनात. ह्यांनी शेजाऱ्यांना उठवून जीप काढली. नाशिकच्या रुग्णालयात पोचलो तेव्हा माझे ओठ निळे पडले होते. शुद्धीवर आले तेव्हा समोरचा डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, "मॅडम, कांदा खायला कोणाची ना आहे? पण पंप का सोडलात? पुरावा काय होता?" वर्गात मी मुलांना विचारायची तोच प्रश्न. उत्तर नव्हतं.

मग मुळापासून विचार केला. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. ॲलर्जीच्या वेळी शरीरातल्या काही पेशी हिस्टॅमिन सोडतात, नलिका आवळतात. प्रयोगशाळेत अशा पेशींवर क्वेरसेटिन टाकलं तर हिस्टॅमिन कमी सुटतं, हे खरं. पण खाल्लेल्या कांद्यातलं क्वेरसेटिन रक्तात थोडंच उतरतं आणि शरीर त्याचं रूपही लगेच बदलून टाकतं. शिवाय भरपूर फळं-भाज्या खाणारा माणूस विडी-सिगारेट कमी ओढत असेल, इतरही काळजी घेत असेल. मग गुण कांद्याचा की राहणीचा? नुसत्या पाहणीतून ते ठरत नाही.

ते ठरतं प्रत्यक्ष चाचणीत. सोयाबीनमधल्या आयसोफ्लॅव्होनविषयीही अशाच आशादायक पाहण्या होत्या. म्हणून अमेरिकेत दमा आटोक्यात नसलेल्या ३८६ जणांवर चाचणी झाली. काहींना २४ आठवडे आयसोफ्लॅव्होन दिलं, काहींना दिसायला तसंच पण औषध नसलेलं. २०१५ साली निकाल आला. दोन्ही गटांत फरक नाही.

मग भाजीपाला वाया का? तसं नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. दम्याच्या १३७ रुग्णांपैकी काहींना रोज पाच वाढप भाज्या आणि दोन वाढप फळं दिली, इतरांना फार कमी. कमी खाणाऱ्यांची श्वासाची ताकद चौदा दिवसांतच घटली आणि पुढे दमा उसळण्याचा धोका त्यांना दुपटीहून जास्त राहिला. त्याच कमी खाणाऱ्यांपैकी काहींना टोमॅटोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्यांचा उपयोग झाला नाही. म्हणजे ताटातल्या भाजीची जागा कॅप्सूलला घेता आली नाही.

वनस्पतींमधून दम्याचं औषध मिळतच नाही, असंही नाही. इजिप्तकडे खेल्ला नावाची वनस्पती आहे. तिच्या बियांतल्या द्रव्यावरून सुचलेली शेकडो संयुगं इंग्लंडमध्ये डॉ. रॉजर अल्तुन्यान यांनी स्वतःवर तपासली. त्यांना स्वतःला दमा होता. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम दमा उठवून घेत आणि संयुगांचा परिणाम पाहत. त्यातून १९६०च्या दशकात क्रोमोग्लायकेट हे औषध आलं. पुढे त्याहून गुणकारी औषधं निघाली. पण बी ते औषध हा प्रवास मोजमापाचा होता. मी तो स्वयंपाकघरात दोन महिन्यांत उरकू पाहत होते.

परवा शेजारची सूनबाई आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला दमा आहे. म्हणाली, "काकू, हळद-दूध सुरू केलंय, पंपाची सवय लागते म्हणतात. बंद करू का?" मी तिला माझी ती रात्र सांगितली. पंपाचं औषध थेट श्वासनलिकेत जातं, म्हणून अगदी थोड्या मात्रेत भागतं. रोजचा पंप सूज आटोक्यात ठेवतो. त्याला व्यसन म्हणू नये. बरं वाटतं ते बहुतेकदा त्या पंपामुळेच, आणि नेमकं तेव्हाच तो सोडावासा वाटतो. मात्रा कमी करायची तर डॉक्टरांनी.

मुलाला हळद-दूध द्या, भाज्या द्या, सफरचंद सालीसकट द्या. भाजी उकडून तिचं पाणी ओतून देऊ नका, बराच गुण त्या पाण्यात उतरतो. मीही आज रोज कांदा खाते. मात्र जेवायला बसण्याआधी पंप घेते, चूळ भरते आणि मगच ताट वाढून घेते.