लॅव्हेंडरची तांब्याची भट्टी



चिंचेने घासलेला बंब पाहून आपण हरखतो. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतातल्या, लॅव्हेंडरचे तेल काढायच्या जुन्या भट्ट्याही अशाच लख्ख करून दिवाणखान्यात मांडतात. माझे म्हणणे, बूड पाहा!

ते काळे असते. भांड्यात पाणी, पाण्यात फुले आणि खाली उघडा जाळ. वाफ हंसाच्या मानेसारख्या नळीतून निघून गार पाण्यात बुडवलेल्या वेटोळ्यात शिरे. तेथे तिचे पाणी होई आणि तेल हलके म्हणून वर तरंगे. लिटरभर तेलाला शंभर किलोंहून अधिक फुले लागत. आठशे मीटरांवरचा एवढा भारा खाली कोण वाहील? म्हणून भट्टीच खेचरावर चढे आणि पाण्याकाठी मांडली जाई.

खरी परीक्षा जाळाची. आच वाढली की तळची फुले करपत. फार वेळ उकळले तर तेलातले लिनालिल ॲसिटेट फुटून व्हिनेगरातले आम्ल सुटे, सुवास उणा होई. घड्याळापेक्षा नाकावर भिस्त! विसाव्या शतकात वेगळ्या बॉयलरची वाफ आली, जास्त तेल देणारे लव्हांदिन हे संकरित झाड आले. फुले गाड्यांतून कारखान्याकडे येऊ लागली आणि फिरत्या भट्ट्या थंडावल्या. कुस्तेलेच्या संग्रहालयात अशा जुन्या भट्ट्या जपल्या आहेत.

बाजारात मात्र विकणारा तेच काळे बूड खरवडून चकचकीत करतो. घेणाऱ्याने आधी सांधे तपासावेत; जुन्या डाखात शिसे असू शकते. अशा भांड्यात अर्क काढू नये.