जागर आणि जागरण



आजच्या सेवेला गीतेच्या सहाव्या अध्यायातला विचार घेतला आहे. तिथे भगवंत अर्जुनाला योग समजावून सांगतात, आणि सांगता सांगता एकदम घरातल्या गोष्टीवर येतात. जेवण मापात हवं, काम मापात हवं, झोपही मापात हवी. फार झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि सारखा जागणाऱ्यालाही साधत नाही, असा त्याचा भाव.

आता गंमत पाहा. हे सांगितलं कोणाला? अर्जुनाला. आणि त्याच गीतेत अर्जुनाला नाव काय दिलंय? गुडाकेश. म्हणजे ज्यानं झोप जिंकली तो. ज्यानं झोप जिंकली, त्यालाही देव म्हणतो की बाबा, मापात झोप. आणि आपण? आपण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला म्हणतो, "झोपतेस काय कुंभकर्णासारखी? दहावी आहे यंदा!" हसू नका माऊली, हे वाक्य इथल्या निम्म्या घरांत आज सकाळीच झालेलं असणार.

आंध्रातल्या बायकांच्या गाण्यात उर्मिलेची एक कथा येते. लक्ष्मण रामाबरोबर वनात चौदा वर्षं जागा राहिला. कसा राहिला? त्याच्या वाट्याची झोप इकडे उर्मिलेनं घेतली. लोककथा आहे, पण तिच्यातलं शहाणपण बघा. लक्ष्मणासारख्याची झोपसुद्धा हवेत विरली नाही, कुणीतरी ती झोपावीच लागली. झोपेचं कर्ज माफ होत नसतं.

आता हिशेब मांडू. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असं या विषयातले डॉक्टर सांगतात. आपली लेक पहाटे पाचला उठते. पाणी भरते, झाडलोट करते, सात वाजता शाळा गाठते. संध्याकाळी आली की भाकरी थापते, भांडी घासते, धाकट्याला निजवते. दहा वाजता तिची वही उघडते. साडेअकराला पाठ टेकते. किती झाले? साडेपाच तास. आठ धरले तरी अडीच तास कमी. सहा दिवसांचे पंधरा तास! शनिवारी ती वर्गात पेंगते आणि गुरुजी चिठ्ठी देतात, "मुलीचे अभ्यासात लक्ष नाही."

बरं, या वयात शरीराचं घड्याळच थोडं पुढं सरकतं. रात्री झोप उशिरा येते, सकाळी डोळा उघडत नाही. तो आळस नाही, वयाचा धर्म आहे. सरकारनं २०२४ साली चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. चांगलं केलं. पण आठवी-नववीच्या लेकीचा विचार कोण करणार? तो आपल्याच घरात व्हायला हवा.

आयाबायांनो, तुम्हाला विरजणाचं सांगायला नको. दूध कोमट केलं, विरजण लावलं, झाकून ठेवलं. आता त्याला हलवायचं नाही. दर तासाला उठून पातेलं ढवळलं तर सकाळी दही मिळेल का? दिवसभर शिकलेलं डोक्यात लागतं ते झोपेत. आपण रात्रभर पातेलं ढवळतो आणि सकाळी विचारतो, दही कुठंय?

विठ्ठल विठ्ठल.

पण मायबाप, कामामुळं झोप कमी पडते हे एक. आणि वेळ असूनही झोप येत नाही, हे त्याहून अवघड. पोर अंथरुणावर पडते, डोळे मिटते, पण छाती धडधडते. हातपाय गार पडतात. पेपरच्या दिवशी पोटात कळ येते, ओकारी होते. आपण म्हणतो, नाटक करते. नाहीतर म्हणतो, बाहेरचं काहीतरी आहे, अंगारा लावा. अहो, बाहेरचं काही नाही, आतलं आहे. त्याचं नाव भय. समोर वाघ आला की शरीर पळायची तयारी करतं, म्हणून छाती धडधडते. पोरीच्या उशाशी रोज रात्री वाघ बसलेला असेल, तर ती झोपेल कशी? झोपली नाही की दुसऱ्या दिवशी आठवत नाही. आठवलं नाही की गुण कमी. गुण कमी की बोलणी. बोलणी बसली की भय दुप्पट. हे रहाटगाडगं आहे. एका पोहऱ्यातून रिकामं झालेलं दुसऱ्यात भरूनच येतं.

हा वाघ कोणता, ते नीट ऐका. मुलगा नापास झाला तर आपण म्हणतो, पुन्हा बस परीक्षेला. मुलीला काय म्हणतो? "नापास झालीस तर उजवून टाकू." आपण सहज बोलतो, ती रात्रभर ऐकते. तिच्यासाठी पस्तीस गुण म्हणजे नुसतं पास होणं नाही, शाळा चालू राहणं आहे. आणि दुसरा वाघ रस्त्यावरचा. शाळेच्या वाटेवर कुणी टवाळ पोरगं छेड काढतं. ती घरी सांगत नाही. का? सांगितलं तर त्या पोराचं काही होणार नाही, हिची शाळा मात्र बंद होईल, हे तिला ठाऊक आहे. मायबाप, ज्या घरात खरं बोललं की शिक्षा होते, त्या घरात लेक जागीच राहणार.

आता मुक्ताईकडे या. चार भावंडांत सगळ्यांत लहान. आईबाप गेले, गावानं वाळीत टाकलं. कुणीतरी ज्ञानोबांना लागेल असं बोललं आणि माऊली झोपडीत शिरून ताटी लावून बसले. ताटी म्हणजे कुडाचं दार. तेव्हा दाराबाहेर कोण उभं राहिलं? ही चिमुरडी. तिनं दार फोडलं नाही. "नाटकं करू नकोस" म्हणाली नाही. शेजारच्याशी तुलना केली नाही. बाहेर उभी राहून मायेनं समजावत राहिली. तेच ताटीचे अभंग. आणि ताटी आतून उघडली.

आज उलटं झालंय बघा. आज ताटी लावून मुक्ताई आत बसली आहे. तोंडावर पांघरूण ओढलंय, आत रडते आहे. दाराबाहेर कोण उभं आहे? बाप मोबाईलमध्ये, भाऊ ओट्यावर, आई कामात. तिनं आपल्यासाठी ताटी उघडवली, तिच्या दाराशी कोण जाणार?

विठ्ठल विठ्ठल.

म्हणून या सप्ताहाला दक्षिणा मागतो, पैशाची नाही. पहिली, लग्नाची धमकी आजपासून बंद. अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहेच, पण धमकीसुद्धा पाप आहे. दुसरी, घरातलं निम्मं काम मुलाला द्या. पांडुरंग जनीबरोबर दळायला बसला असं आपण सांगतो, मग आपल्या बाळ्याला भांडी घासायला लाज कसली? तिसरी, रात्री जेवल्यावर गुणांचा विषय काढायचा नाही, आणि मोबाईल सगळ्यांचे एका फळीवर, बापाचा आधी. चौथी, तिच्याजवळ बसा आणि विचारा, "बाळ, कशाची भीती वाटते?" आणि मग गप्प बसून ऐका.

तरीही आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण नाही, तर डॉक्टरकडे न्या. रक्त तपासा. आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींतल्या ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीत आलंय. थकवा, धाप, लक्ष न लागणं त्यानंही होतं. शाळेत लोहाची निळी गोळी मिळते, ती घेऊ द्या. मनाच्या त्रासासाठी सरकारचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, रात्रंदिवस. आणि "जगावंसं वाटत नाही" असं पोर बोलली, तर ते चेष्टेवारी नेऊ नका. तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. देव वैद्याच्या हातूनही येतो.

शेवटचं. आपण एकादशीला जागर करतो. जागर आणि जागरण यांत फरक आहे. जागर प्रेमानं होतो, जागरण भयानं. जागरात माणूस दुसऱ्या दिवशी प्रसन्न दिसतो, आणि दुपारी निवांत झोपही काढतो! जागरणानं लेकरू वाळून जातं. आपल्या जागरानं कुणाचं जागरण होऊ नये. म्हणून सप्ताह कमिटीला हात जोडून विनंती आहे. दहा वाजले की भोंगा बंद, कायदाही तेच सांगतो. परीक्षा जवळ आल्या आहेत. इथून पुढचं भजन नुसत्या टाळांवर, हळू आवाजात. विठोबाला ऐकू येतं. आणि शेजारच्या घरातली मुक्ताई झोपू दे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम.