बाराशे ग्रॅमचा अभ्यास

अमेरिकेत नवजात अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांसाठी ‘आरएनसी-एनआयसी’ नावाची परीक्षा असते. दोन वर्षांचा आणि किमान २,००० तासांचा अनुभव असला, तरच तिला बसता येतं. तीन तासांत १७५ प्रश्न. तिथे नोकरी करताना, रात्रपाळ्या सांभाळून मी ती दिली.

पाठांतर कमी केलं, ‘का?’ जास्त विचारलं. बाळ गार पडलं तर काय होतं? ऊब निर्माण करायला ते जास्त प्राणवायू आणि साखर खर्च करतं. साखर उतरते, श्वासाचा त्रास वाढतो. म्हणजे तापमान, साखर आणि श्वास हे तीन वेगळे धडे नाहीत. ती एकच साखळी आहे. म्हणून तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राखायचं.

हिशेब मात्र रोज केले. बाळ १,२०० ग्रॅमचं, दिवसाला किलोमागे ८० मिलिलिटर द्रव. म्हणजे ९६ मिलिलिटर, तासाला अवघे ४. चहाचा चमचाही भरत नाही! औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह एक घर सरकलं, की दहापट फरक पडतो.

आणि हिरवी उलटी. पुस्तकात तो एका ओळीचा प्रश्न. प्रत्यक्षात आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तिथे सकाळची वाट पाहायची नसते.

हे प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नव्याने राखावं लागतं. ते योग्यच. बाळाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने डॉक्टरांना ‘आत्ता या’ असं ठामपणे सांगायचं आपल्यालाच असतं.