बालकांची औषधे आणि त्यांचे माप
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)

बालकांना तोंडाने द्यावयाच्या अँटिबायोटिक औषधांविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना विश्वस्तांनी मला केली. मी डॉक्टर नव्हे. माझे आयुष्य कापडाच्या दुकानात गेले. परंतु माप हा आमच्या धंद्याचा प्राण आहे आणि आजचा विषयही मापाचाच आहे. थोरल्याचा सदरा आखूड करून धाकट्याला घालता येतो. थोरल्याच्या बाटलीत उरलेले औषध मात्र अंदाजाने निम्मे करून तान्ह्याला पाजता येत नाही. हा उद्योग बहुधा आपण आजी-आजोबाच करतो, म्हणून हा प्रपंच.

नवजात बालकाच्या जठरात आम्ल कमी असते. मोठ्यांच्या पोटातील आम्लाने नाश पावणारे साधे पेनिसिलिन त्यामुळे बाळाच्या रक्तात अधिक प्रमाणात उतरते. दुसरीकडे बाळाचे जठर सावकाश रिकामे होते, म्हणून औषधाचे खरे शोषण जेथे होते त्या लहान आतड्यात ते उशिरा पोहोचते. नवजात बालकाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. वर्षाच्या सुमारास तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो. अमॉक्सिसिलिनसारखे पाण्यात विरघळणारे औषध या पाण्यात पसरून विरळ होते. तेच औषध शरीराबाहेर टाकणारी मूत्रपिंडे मात्र अजून कोवळी असल्याने ते अंगात अधिक काळ रेंगाळते. पहिल्या वर्षभरात हा सारा जमाखर्च पालटत जातो. डॉक्टर प्रत्येक वेळी बाळाला काट्यावर ठेवतात, ते उगीच नव्हे.

यकृताची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. क्लोरॅम्फेनिकॉल हे एकेकाळी सर्रास वापरले जाणारे औषध. नवजात बालकाचे यकृत त्याचा निचरा करण्यास असमर्थ असते. ते रक्तात साचून बालके राखाडी पडत व दगावत. १९५९ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी हा प्रकार उजेडात आणला, तेव्हा जगाला कळले की बालक म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे.

म्हणून औषधाला भ्यावे काय? मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रातील गडचिरोलीचे उदाहरण पाहा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ५८ गावांत न्यूमोनिया झालेल्या बालकांना तोंडाने को-ट्रायमॉक्साझोल देण्याची व्यवस्था केली. औषध देणाऱ्यांत गावातील आरोग्यसेवक आणि सुइणीही होत्या. १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते. श्वास मोजून रोग ओळखावा आणि ठरल्या मात्रेत औषध द्यावे, एवढीच ती शिस्त. सुइणीला जे साधले, ते आपणा शिकलेल्यांना का साधू नये?

न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना आता अमॉक्सिसिलिनला प्राधान्य देते. पाण्यात विरघळणाऱ्या त्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत. साध्या सर्दीवर मात्र यांपैकी कशाचाही उपयोग नाही. ती विषाणूंची करणी. तसेच जेंटामायसिनसारखी काही औषधे आतड्यातून जवळजवळ शोषलीच जात नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी सुई लिहून दिली असता "पातळ औषधच द्या" असा हट्ट आपण धरू नये.

आता घरातील व्यवहार. आपल्या स्वयंपाकघरातील दोन चमचे कधी एका मापाचे नसतात; पाच मिलिलिटर म्हणजे बाटलीसोबतच्या मापाचे पाच मिलिलिटर. आमच्या गिऱ्हाइकाला मीटरमागे चार बोटे कापड कमी दिले तर तो भांडतो. औषधात तेवढी तूट पडली तर बाळ भांडत नाही, जंतू मात्र तगतात. दिवसातून दोनदा सांगितलेले औषध साधारण बारा तासांच्या अंतराने जावे. मोठ्यांनी चौविहार अवश्य पाळावा, पण आजारी तान्ह्याची रात्रीची मात्रा त्यासाठी चुकवू नये.

भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावे. असे पाणी आपल्या बहुतेक घरांत तयारच असते, ही आपली सोय. पाणी घालून बाटली चांगली हलवावी, खूण पुन्हा तपासावी आणि कालवल्याची तारीख वर लिहावी. पुष्कळशा बाटल्यांची मुदत त्या तारखेपासून अवघी सात दिवसांची असते. वेष्टनावर ती छापलेली असते. त्यानंतर फडताळात उरते ते औषध नव्हे. मापाची टोपी किंवा पिचकारी हरवली असेल, तर दुकानदाराकडून नवी मागून घ्यावी.